घड्याळावर वाढलेलं मूल

दिवाळी होऊन दहा-बारा दिवस गेले की आमच्या अलिबागेत दुपारची एक वेळ अशी येते, की आळीतल्या सगळ्या खिडक्या धाडधाड लागतात. कोळीवाड्यात बोंबील वाळायला लागलेले असतात आणि समुद्रावरचा वारा तो वास घेऊन थेट माजघरात शिरतो. शेजारच्या वकिलीणबाई लगबगीनं उदबत्ती लावतात. माझी सून शाळेतून येते, नाकाला पदर लावते आणि म्हणते, "आई, सगळ्या गावात तुमची एकटीची खिडकी उघडी असते हो!" असते. मी मुद्दाम उघडी ठेवते. गुडघे आता कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढतोय, पण नाक अजून शाबूत आहे. त्या वासाला लोक घाण म्हणतात, म्हणोत बापडे. माझ्या घरात तो वास आला की मी हातातलं काम खाली ठेवते, दोन मिनिटं बसते आणि मनातल्या मनात काही बायकांना नमस्कार करते.

परवा असाच वास आला होता. सून वह्या तपासत होती, तिचं सहा महिन्यांचं बाळ माझ्या मांडीवर. एकदम तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "आई, मी ह्याला टाकून रोज शाळेत जाते. मासिकात आलंय, की त्यामुळं मुलाच्या मनावर परिणाम होतो. खरं असेल का हो?" डोळे भरून आले होते पोरीचे. मी म्हटलं, "अगं, आता मासिकात येतं, आमच्या वेळी पुस्तकात यायचं. त्या पुस्तकावर मी तुझ्या नवऱ्याला वाढवला. म्हणजे, मला वाटत होतं वाढवला." मग तिला जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवते आहे, कारण ते कुठल्याच पुस्तकात यायचं नाही.

रेवदंड्याच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून गेले तेव्हा पंचवीस वर्षांची होते, आणि फार शहाणी होते. इतकी शहाणी मी पुढं जन्मात झाले नाही. पुण्याला राहून रीतसर शिकले होते. शिकायला पाठवलं ते ह्यांनी. हे शाळामास्तर, नव्या मताचे. त्यापायी सासरची माणसं आमच्यावर जी रागावली ती रागावलीच. पुढं वासू पोटात असताना हे विषमज्वरानं गेले. पोर तीन महिन्यांचं झालं तशी मी एक ट्रंक, एक स्टोव्ह, वासू आणि पुण्याचं पुस्तक घेऊन रेवदंड्यात दाखल झाले. छातीवर पिनेनं घड्याळ लावलेलं. रस्त्यानं निघाले की कोळणी एकमेकींना ढोसून दाखवायच्या, "ती बग, घड्यालवाली बाय चालली."

त्या पुस्तकात सगळं होतं. मुलाला दर चार तासांनी दूध द्यावं, आधी एक मिनिट नाही. मधेच रडलं तर रडू द्यावं, त्यानं फुफ्फुसं बळकट होतात. उचलू नये, हलवू नये, मांडीवर निजवू नये, लाडावतं. हे सगळं मला पाठ होतं. घरोघरी जाऊन बाळंतिणींना मी ते ऐकवायची, आणि मूल रडायला लागलं की छातीवरचं घड्याळ बघून म्हणायची, "अजून वीस मिनिटं आहेत." आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

राहायला जागा मिळाली ती कोळीवाड्याच्या कडेला, मासळी वाळवायच्या खळ्याला लागून. समोर बांबू रोवलेले, बांबूंना दोऱ्या, आणि दोऱ्यांवर दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून टाकलेली. खाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर जवळा पसरलेला. सकाळी होड्या लागल्या की बायका पाट्या घेऊन धावायच्या आणि मग ऊन डोक्यावर येईपर्यंत त्यांचे हात थांबायचे नाहीत. एका कडेला नारळाच्या झापांचा मांडव होता. त्याच्या वाशांना सहा-सात झोळ्या टांगलेल्या असायच्या, आणि त्यांच्यामध्ये जानकीआय नावाची म्हातारी बसलेली असायची. दात नाहीत, एका डोळ्यानं कमी दिसतंय, पण सगळ्या झोळ्यांच्या दोऱ्या तिच्या हातात. कुठली कधी ओढायची ते तिला न बघता कळायचं.

मी कामावर जाताना वासूला तिच्याकडं ठेवायची, कारण दुसरं कोणी नव्हतंच. ठेवताना भलंथोरलं व्याख्यान द्यायची. हे उकळलेलं गाईचं दूध, हे बोंडलं, मला उशीर झाला तर दोन वाजता पाजायचं, दोन म्हणजे सावली ह्या खांबाशी येईल तेव्हा. मधे रडला तरी हात लावायचा नाही. जानकीआय सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरा." एवढंच. मी संध्याकाळी यायची तेव्हा बोंडलं रिकामं, वासू गाढ झोपलेला. मला वाटायचं, बघा, शिस्त लावली की म्हातारी माणसंसुद्धा शिकतात.

मी आल्याला पंधरा दिवस झाले असतील, पेणहून माझे दीर आले. तुळशीच्या लग्नाचे दिवस होते. खळ्याच्या तोंडाशीच नाकाला उपरणं लावून उभे राहिले, पाऊल पुढं टाकेनात. तिथूनच मोठ्यानं बोलायला लागले. "वहिनी, तुम्हाला गावभर हिंडायचं तर खुशाल हिंडा. पण आमच्या दादाचं मूल असं झोळीला टांगून ठेवायला आम्ही काही मेलेलो नाही. शिमगा झाला की आई येईल. मूल अंगानं भरलेलं दिसलं तर ठीक. सुकलेलं दिसलं तर ती घेऊन जाईल. मग रडायचं नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

"येऊ देत त्यांना," मी म्हटलं. "बघाल कसा वाढवते ते."

बोलले अगदी तोऱ्यात, पण घरात येऊन कडी लावली आणि रडायला बसले. मी विधवा, त्यात नोकरी करणारी, त्यात परगावी. माझ्या बाजूनं बोलायला कोण होतं? नेतो म्हणाले तर मी त्यांना कशानं अडवणार होते? आणि वासू गेला तर माझ्याजवळ राहणार काय, तर छातीवरचं घड्याळ. त्या रडण्याच्या भरात एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. दीर मोठ्यानं बोलले होते, आणि दोऱ्यांशी उभ्या असलेल्या बायकांचे हात तेवढा वेळ थांबले होते.

आता ही गंमत बघा. माझं सगळं कामच बाळंतपणाचं, आणि बाळंतपणं काही घड्याळ बघून होत नाहीत. चौलला जायचं तर पायी. खाडीपलीकडं कोरलईला जायचं तर होडी मिळेल तेव्हा. दहाला येते म्हणून गेलेली मी तीनला परतायची. दूध भरून छाती ठणकायची, चोळी भिजायची, आणि मी कुणाच्या तरी पडवीत पाणी तापायची वाट बघत बसलेली. पुढं पुढं ठणकायचंही कमी झालं. नर्सबाईला ह्याचा अर्थ कळायला नको होता का? पण मी दर रविवारी वासूला दवाखान्यातल्या काट्यावर घालायची, आणि काटा पुढंपुढंच जात होता. दहा पौंडांचं पोर माघात पंधरावर गेलं. मी म्हटलं, वा, पुस्तक खरं आहे.

त्या खळ्यावरच्या बायकांची स्वतःची काही मतं होती. ती त्या कुणाला शिकवायच्या नाहीत. मी बघायची आणि टिंगल करायची. हिराबाय म्हणून एक होती, माझ्याच वयाची, उंच, काळीशार, कपाळावर गोंदलेलं. तिची येसू वासूएवढीच. उन्हातून येऊन झापाच्या सावलीत बसली की हिराबाय आधी दोन धारा वाळूवर पिळायची आणि मग येसूला घ्यायची. मी एकदा म्हटलं, "अगं, चांगलं दूध मातीत कशाला घालतेस?"

"उनाचा हाय ता, बाय," ती म्हणाली. "पयली धार उनाची. ती पोराला कशी द्यायाची?"

"दूध काय उन्हात तापतं होय? ते शरीरात असतं."

"मी पन शरीरातच हाय कनी? मी तापलंय, मंग दूध न्हाय तापायाचा?"

मी हसून घेतलं. दुसऱ्या एका दिवशी मासळीच्या व्यापाऱ्याशी तिचं कडाक्याचं भांडण झालं. येसू इकडं टाहो फोडतेय आणि ही बाई तिला घेईना. पाण्याच्या काठापर्यंत चालत गेली, तोंडावर पाणी मारलं, तशीच उभी राहिली, मग सावकाश परत आली. म्हणाली, "राग निवला. आता दे." रागावलेल्या आईनं पाजू नये, मुलाच्या पोटात दुखतं, असं त्यांचं म्हणणं. मी पुस्तक उघडून दाखवणार होते, की असं काही नसतं. नसेलही. पण आईनं आधी स्वतः शांत व्हावं आणि मग मुलाला जवळ घ्यावं, हे माझ्या पुस्तकात कुठं होतं? चार तासांचा हिशेब होता, आई तापलीय की थंड आहे ह्याचा एक शब्द नव्हता.

आणखी एक. झोळीत घालायला मी वासूसाठी उकळून, निळीत घालून, इस्त्री केलेलं पांढरं धडपं दिलं होतं. जानकीआयनं ते नाकाला लावलं आणि मला परत दिलं. "ह्याला आयचा वास कुठं हाय? पोर कुनाच्या भरवशावर झोपंल?" मी रागानं ते तिच्या हातात पुन्हा कोंबलं. चार दिवसांनी माझं अंगावरचं जुनं पातळ, धुवायला काढून ठेवलेलं, नाहीसं झालं. मी सगळीकडं शोधलं, चोरी झाली म्हणून बडबडले. ते मळकं, घामट पातळ वासूच्या झोळीत त्याच्या गालाखाली होतं. ते धडपं जानकीआयनं डोक्याला बांधलं होतं, आणि तिला ते शोभतही होतं. मी सोडून दिलं. पण मनात म्हटलं, अडाणी बायका.

माझ्या शहाणपणाचा कळस माघात झाला. दवाखान्यात आठवड्यातून एकदा आयांना गोळा करून चार शब्द सांगायचे, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. मी वासूला सगळ्यांसमोर टेबलावर बसवला. मनगटाला वळ्या पडलेल्या, गाल खाली आलेले, मांड्या भरलेल्या. म्हटलं, "बघा! घड्याळावर वाढलेलं मूल असं दिसतं. ना झोका, ना मांडी, ना वेळी-अवेळी पाजणं!" समोर वीसेक बायका बसल्या होत्या. सगळ्यांचे पदर एकदम तोंडावर गेले. कुणाच्या तरी खांद्याला गदगदा हिसके बसत होते. मला वाटलं, बिचाऱ्या लाजल्या. हिराबाय तेवढी गंभीर चेहरा करून म्हणाली, "व्हय बाय. घड्यालानच वाढलाय त्यो." मागून कुणीतरी फस्सकन हसलं. जानकीआयनं पुढं होऊन वासूवरून मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि मला दटावलं, की पोराला असं चारचौघांत भरलेला म्हणायचं नसतं, दगड्या म्हणायचं. खळ्यावर त्याचं नाव दगड्याच होतं.

मग शिमगा आला. कोळ्यांचा शिमगा ज्यानं बघितला नाही त्याला काय सांगावं! होड्या ओढून वर घेतल्या, दोऱ्या मोकळ्या केल्या, खळ्यावर चिटपाखरू उरलं नाही. झोळ्यासुद्धा सोडून नेल्या. मी मोठ्या आनंदात चार दिवसांची रजा टाकली. म्हटलं, आता माझं मूल, मी, आणि माझं घड्याळ. सासूबाई यायला सहा दिवस होते.

पहिल्या दिवशी वासू जो रडायला लागला तो थांबेना. चार तासांनी घेतला. दोन घोट ओढले आणि तोंड फिरवून किंचाळला. बोंडलं पुढं केलं तर हातानं उडवून लावलं, जसं आयुष्यात कधी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी रडणं कमी झालं, आणि ते मला जास्त भिववायला लागलं. तिसऱ्या दिवशी तो नुसता पडून छताकडं बघत होता. डोळे खोल गेले होते. मी त्याला उचलून दवाखान्यात पळाले. कावीळ म्हणू, आतडी म्हणू, शिकलेलं सगळं आठवून झालं. डॉक्टरांनी त्याला उलटासुलटा तपासला, पोट दाबलं, जीभ बघितली, आणि माझ्याकडं चमत्कारिक नजरेनं बघितलं.

"बाई, ह्याला काही झालेलं नाही. हा उपाशी आहे."

मला इतका राग आला! उपाशी? माझं मूल? घड्याळ बघून पाजलेलं? पण पायांना माझ्याआधी कळलं असावं, कारण ते घराकडं वळलेच नाहीत. भर दुपारी, रस्त्यातल्या गुलालातून, ढोलांच्या आवाजातून मी कोळीवाड्यात शिरले. हिराबाय नवं लुगडं नेसून बायकांच्या फेरात नाचत होती. माझ्या खांद्यावर मान टाकलेला वासू तिला दिसला मात्र, ती फेर सोडून धावली. माझ्या हातातून त्याला ओढून घेतलं, वर ओढलेल्या होडीच्या सावलीत बसली, दोन धारा वाळूवर पिळल्या आणि त्याला पदराखाली घेतलं. वासूनं डोळे न उघडता नेमकी जागा शोधली. एक हात वर करून तिच्या गळ्यातल्या पोतीशी खेळायला लागला. ती सवय रोजची होती, हे मला कुणी सांगायला नको होतं.

खोटं कशाला सांगू, कृतज्ञता वगैरे पहिल्यांदा मुळीच वाटली नाही. मत्सर वाटला. ते माझं मूल होतं आणि माझ्याकडं त्यानं असा हात कधी वर केला नव्हता. मग लाज वाटली. टेबलावर त्याला बसवून मी जे बोलले होते ते शब्दन् शब्द आठवलं आणि त्या पदराआडच्या तोंडांचा अर्थ लागला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुलशीच्या लग्नापासून."

"तू एकटीच?"

"न्हाय गो. सगल्या. जी बसंल तिनं घ्यायाचा. जानकीआय दोरी ओढते तवा सांगते, कुनाच्या पोटात काय हाय."

"आणि बोंडल्यातलं दूध?"

"ता मांजर पितो," हिराबाय म्हणाली, आणि आता मात्र तिला हसू आवरेना. खळ्यावरचं ते पिवळं मांजर माघापासून एवढं का फुगलंय, ह्याचं मला कोडं पडलं होतंच.

"मला सांगितलं का नाही?"

तिचं हसू गेलं. "सांगितला असता तर तुमी न्हाय म्हनल्या असत्या. तुमचा धरम, तुमचा पुस्तक. मंग पोर सुकला असता, आन तुमच्या दिरानं नेला असता. आमी आयकला न्हाय व्हय त्या दिवशी? आय जित्ती हाय तवर पोर आयपासून न्यायाचा न्हाय कुनी. काम करते म्हनून काय झाला? आमी न्हाय करत?"

मी वाळूवर बसले आणि भोकाड पसरलं. ढोल वाजतच होते. कुणीतरी माझ्या हातावर साखरेची गाठी ठेवली, आणि मी रडता रडता ती खाल्ली.

सुनेला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुम्हाला वाईट आई असल्यासारखं वाटलं नाही का?" वाटलं तर! पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं. पण त्या बायकांना मी कधी वाईट आई वाटले नाही, ही गोष्ट मला हळूहळू उमगली. त्यांच्या लेखी बाई कामाला जाणारच. जसा दिवस उगवणार. आईनं सगळं एकटीनं करावं हे त्यांच्या डोक्यातच कधी शिरलं नव्हतं, त्यामुळं एकटीला जमलं नाही ह्याची लाजही नव्हती. ती लाज माझ्याकडं होती, आणि ती मी पुस्तकातून विकत आणली होती. हिराबाय अजून आहे. वासू नारळी पौर्णिमेला तिच्याकडं जातो. दोन मुलांचा बाप, पोट सुटलेला गृहस्थ, तरी त्याच्या गालाला हात लावून दरवर्षी म्हणते, "सुकला गो माझा दगड्या."

सासूबाई ठरल्या दिवशी आल्या. पेणहून मोटारीनं आणि पुढं टांग्यानं. दीर टांग्यातच बसून राहिले. खळं पुन्हा सुरू झालं होतं, दोऱ्या भरत होत्या. वासू दोन दिवसांत पुन्हा टवटवीत झाला होता. आमचं सगळं ठरलेलं होतं. मी म्हणायचं, माझ्या दुधावर आहे. बायकांनी वळूनसुद्धा बघायचं नाही. हिराबाय तर म्हणाली होती, "आमी तुमच्या पोराला वलखतच न्हाय."

सासूबाई बारीक चणीच्या, ताठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. माशांमधून लुगडं सावरत थेट झापाच्या मांडवापर्यंत चालत आल्या. दिरांसारखं नाक धरलं नाही, हे मला तेव्हाच दिसलं. वासूला घेतलं, उजेडाकडं धरलं, मांड्या दाबून बघितल्या. "भरलाय," म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडतोय तोच वासूनं ओठ काढले. अनोळखी चेहरा, भुकेची वेळ. त्यानं जो सूर लावला तो अख्ख्या खळ्यावर घुमला.

चार हातांवर हिराबाय पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. पण नवीन बोंबील घ्यायला वाकून वर झाली तेव्हा तिच्या चोळीवर दोन ओले डाग उमटलेले होते आणि ते बघता बघता पसरत चालले होते. तिनं दोन्ही हात छातीवर घट्ट आवळले. उशीर झाला होता. सासूबाईंनी सहा बाळंतपणं काढली होती; त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सगळ्या दोऱ्यांशी हात थांबले.

"ही पाजते ह्याला?" त्यांनी मला विचारलं.

माझं खोटं पाठ होतं. पण त्या हात आवळून उभ्या असलेल्या बाईकडं बघून ते ओठांवर येईना. म्हटलं, "हो. ही, आणि ह्या सगळ्या. तुळशीच्या लग्नापासून. मला एकटीला नाही जमलं. न्यायचा असेल तर न्या त्याला, मी अडवणार नाही. पण ह्यांना एक शब्द बोलू नका."

हे मी कसं बोलले, देवाला माहीत.

वासूच्या मनगटाच्या वळीत सासूबाईंनी बोट घातलं आणि तशाच बघत राहिल्या. मग स्वतःशीच म्हणाव्या तशा म्हणाल्या, "घरी नेला तर पिणार काय हा?" आणि माझ्याकडं न बघता त्या हिराबायपर्यंत चालत गेल्या. "घे गो. भुकेजलाय तो."

हिराबाय जागची हलेना. त्यांनीच वासूला तिच्या हातात दिलं आणि शेजारच्या पालथ्या पाटीवर बसल्या. तो पोटभर पिईपर्यंत बसून होत्या. मग हातातलं बोचकं सोडलं. आत खण होता, नारळ होता, तांदूळ होते; चौलच्या देवीसाठी आणलेले. "पदर पसर," त्या म्हणाल्या.

"आय, मी कोलीन हाय," हिराबाय कशीबशी म्हणाली.

"मला डोळे आहेत. पसर."

ओटी भरली, हळदकुंकू लावलं. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तब्येतीला जप." आणि आल्या तशा ताठ चालत टांग्याकडं गेल्या. दीर आतून मान काढून विचारत होते, "मूल कुठंय?"

"आईजवळ," सासूबाई म्हणाल्या. "चल, मोटार चुकेल."

टांगा दिसेनासा झाला तशी मी हिराबायचे हात धरले. म्हटलं, "हिराबाय, मी तुझे..." तिनं माझे हात सोडवून घेतले. वासू तिच्या खांद्यावर झोपला होता आणि दोरी अर्धी रिकामी होती.

"ता ऱ्हाऊंद्या, बाय. ऊन चाललाय, आमचा काम पडलाय. तुमचं हात रिकामं हायेत कनी? कडेच्या झोलीत कोन रडतंय, जरा बगा."

कडेच्या झोळीत एक सावळं, बोळकं पोर हातपाय झाडत होतं. मी त्याला उचललं, सावलीत बसले आणि पदराखाली घेतलं. दूध थोडंच होतं. तेवढ्यानंही ते शांत झालं. ते कोणाचं होतं, हे विचारायचं राहूनच गेलं.